चार नंबरची बोअर

पाणीखात्यात तिला तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'शंकासूर'. दोन्ही तिला माहीत होतं. पहिल्याबद्दल तिला शंका होती, दुसऱ्याबद्दल नव्हती.

काम नमुने घेण्याचं. शहराभोवती खात्याच्या पाच निरीक्षणाच्या बोअर होत्या. दर आठवड्याला प्रत्येकीत लहानसा पंप सोडायचा, पाणी काढायचं, मीटर बुडवायचा, आकडा लिहायचा आणि बाटल्या प्रयोगशाळेत पाठवायच्या. सगळं शहर पीत होतं ते पाणी तीस मीटर खालच्या वाळूगोट्यांच्या थरातलं. त्या थरावर चिकणमातीचं जाड झाकण होतं, आणि रस्त्यावरचं तेल, गटारातली घाण, बांधकामाचा राडा हे सगळं त्या झाकणावरच अडायचं. झाकणाला भोक पडलं की कारभार आटोपला. वरची टाकी घासता येते, खालचा थर घासता येत नाही. तो एकदा नासला की एक पिढी जाते. हे ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची आणि ते त्याच्या डोक्यात शिरलं की नाही याची दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायची.

नवरा चष्म्याच्या दुकानात बसायचा. माणूस गमत्या. हिने लग्नाआधी माझ्या चष्म्याचा नंबरसुद्धा दुसऱ्या दुकानात तपासून घेतला होता, असं तो गिऱ्हाइकांना सांगे. हे खोटं होतं, पण ऐकणाऱ्यांना खरं वाटायचं. दूधवाल्याच्या मापात ती बोट घालून बघायची, घड्याळ दुरुस्त होऊन आलं की मागचं झाकण उघडायची. संशयाला औषध नाही म्हणतात. तिला तर तो आजारच वाटत नव्हता. शहर आजारी पडत नाही ते कुणीतरी संशय घेतं म्हणून, असं तिचं साधं गणित होतं, आणि पंधरा वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं.

चार नंबरची बोअर सगळ्यांत नवी, पाच महिन्यांपूर्वीची. शहराचं पाणी उपसणाऱ्या पंपहाउसपासून तीनशे पावलांवर, रस्त्याकडेच्या मातीच्या पट्ट्यात, पावसाळी गटाराला अगदी खेटून. गटारापलीकडे पत्र्याचं कुंपण आणि कुंपणापलीकडे सात मजली इमारतीचं काम. इमारतीला दोन मजली तळघर, म्हणजे चिकणमातीच्या झाकणात बराच खोल गेलेला खड्डा. त्या कामावर डोळा ठेवायलाच खात्याने ही बोअर तिथे मारून घेतली होती. आणि त्या कामावरचा सुपरवायझर होता तिचा धाकटा दीर. एकाच घरात राहणारा, एकाच टेबलावर जेवणारा. दीड वर्ष घरी बसून काढल्यावर त्याला ही नोकरी लागली होती आणि वर्ष नीट गेलं की तो कायम होणार होता. नातं तिने साहेबांना आधीच लेखी कळवलं होतं. साहेब म्हणाले होते, एवढ्याशा शहरात प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा दीर असतोच, तुम्ही आपलं काम करा.

तिने केलं. दुसऱ्या महिन्यात चार नंबरचा पीएच नऊ पूर्णांक आठ, खात्याच्या बोलीत नऊ आठ, आला. चांगलं पाणी सातच्या आसपास असतं. आकडा असा वर चढायला लागला की खात्यातला शिपाईसुद्धा सांगेल, सिमेंट. मिक्सरची गाडी धुतलेलं पाणी अकरा-बाराच्या घरात जातं. तिसऱ्या महिन्यात दहा चार. चौथ्यात दहा नऊ. वर आणखी एक गोष्ट: जोराचा पाऊस झाला की तासाभरात चार नंबरचं पाणी गढूळ व्हायचं आणि त्यावर तेलाची बारीक साय दिसायची. चिकणमातीतून पाणी तासाभरात तीस मीटर खाली उतरत नाही, वर्षानुवर्षं लागतात. म्हणजे कुणीतरी त्याला आतून वाट करून दिली होती. तळघराच्या खड्ड्यात गुपचूप एखादं भोक पाडून त्यात राडा सोडत असणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. शंकासुराला शंका उरू नये, हीच खरं तर धोक्याची खूण होती. पण ते तिला सांगणार कोण?

मग घरातच पहारा सुरू झाला. दीर संध्याकाळी आला की त्याचे बूट ती निरखून बघायची. तो मागच्या नळावर बूट धुवायचा आणि बादली रिकामी करायला विसरायचा. एकदा तिने त्या बादलीत पीएच तपासायची कागदी पट्टी बुडवली. पट्टी गडद निळी झाली. सिमेंटवर दिवस काढणाऱ्याच्या बुटाला सिमेंट लागणारच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तिने तारीख घालून डायरीत नोंद केली. सकाळी निघताना तो सहज विचारायचा, "वहिनी, आज कुठला नंबर?" इतकी वर्षं कुणी तिला तिच्या कामाबद्दल प्रेमाने विचारलं नव्हतं, म्हणून तिला ते प्रेम वाटलंच नाही. ती दोन नंबर सांगायची आणि चार नंबरला जायची. नवऱ्याच्या हे लक्षात आलं. तो जेवताना म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय. दीर हसला, जाऊ हसली. तिने मात्र नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचा घास न चावताच गिळला.

कामावर ती तीनदा न सांगता गेली. तिन्ही वेळा सगळं जागच्या जागी. मिक्सर धुवायचा खड्डा जाड प्लास्टिकने मढवलेला, खड्ड्यातून उपसलेलं पाणी आधी गाळ बसवायच्या टाकीत, कुंपणाच्या पायथ्याशी राडा अडवायचं कापड मातीत वीतभर गाडलेलं. डिझेलच्या पिंपांखाली तसराळी. इतकं नीटनेटकं बांधकाम तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच तिचा संशय दुप्पट झाला. नुसता चांगला माणूस एवढा चांगला नसतो, असं तिचं मत होतं. तिसऱ्या वेळी दीर तिला फाटकापर्यंत सोडायला आला आणि जरा घुटमळला.

"वहिनी, एक सांगू का? पाऊस जोरात आला की गटार भरून तुमच्या पाइपापर्यंत येतं. तिथे पाणी गरगर फिरतं आणि जमिनीत जातं. मी दोनदा पाहिलं. तुमचा पाइपच पाणी पितो."

चोराच्या उलट्या बोंबा, ती मनात म्हणाली. त्याचं वाक्य तिने जसंच्या तसं अहवालात घातलं, 'लक्ष दुसरीकडे वळवण्याचा प्रयत्न' या मथळ्याखाली.

अहवाल नऊ पानी होता. चौथ्या दिवशी काम थांबवल्याची नोटीस पत्र्याच्या कुंपणावर चिकटली आणि पाचव्या दिवशी कंपनीने सुपरवायझरला घरी बसवलं. सुनावणीत दोष सिद्ध झाला की त्याला काढणार, नाहीतर परत घेणार, असं त्याला सांगण्यात आलं.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं नवऱ्याला वाटत होतं. त्याची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली होती. दीर पूर्वीसारखाच तिच्यासमोर बसून जेवायचा, पाण्याचा तांब्या मागितला तर द्यायचा. जाऊ तिला पूर्वीसारखंच वाढायची, फक्त "अजून हवं का?" एवढं विचारायची बंद झाली. तेवढ्या एका प्रश्नाच्या नसण्याने तिचं पोट भरेनासं झालं. तिला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण एका बाजूला घरातला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला घराघरातले नळ. तिने मनाला दटावलं आणि सुनावणीच्या तयारीला लागली.

नियम असा होता की सुनावणीआधी शेवटचा नमुना दोन्ही पक्षांसमोर घ्यायचा आणि सीलबंद बाटल्यांत भरायचा. खात्याकडून ती. कंपनीने आपल्याकडून पाठवलं ते दिरालाच. तिला वाटलं, ही त्यांची चाल आहे, घरच्या माणसासमोर बाईचा हात थरथरावा म्हणून. हात थरथरू नये म्हणून ती त्या दिवशी चहाही न घेता निघाली.

तिने पंप सोडला, नळी बादलीत धरली, मीटर बुडवला. अकरा सहा. बोअरच्या पाइपात साचून राहिलेलं शिळं पाणी नमुन्यात येऊ नये म्हणून आधी तीन पाइपभर पाणी काढून टाकतात. तिने बादल्या मोजल्या. तीन पाइप झाले तेव्हा आकडा होता दहा नऊ. हाच तो. आता बाटल्या भरायच्या, सील लावायचं, दोघांच्या सह्या, संपलं.

पण बाटल्याच आल्या नव्हत्या. प्रयोगशाळेची गाडी वाटेत पंक्चर झाली होती. पंप बंद केला तर पाणी पुन्हा साचणार आणि पुन्हा पहिल्यापासून बादल्या मोजाव्या लागणार, म्हणून तिने तो चालूच ठेवला. एका उलट्या बादलीवर ती बसली, दुसऱ्या उलट्या बादलीवर दीर. दोघांच्या मधून गेलेल्या नळीचं पाणी दूर ठेवलेल्या टाकीत पडत होतं. वेळ घालवायला ती अधूनमधून मीटरकडे बघत होती.

अर्ध्या तासाने नऊ आठ. तिने मीटर झटकला. तासाने आठ सहा. तिने मीटर ठरलेल्या पीएचच्या प्रमाण द्रावणात बुडवून तपासला. मीटर ठणठणीत होता. दुसऱ्या पुडीतलं द्रावण घेऊन पुन्हा तपासला. मग दिराकडे पाहिलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून रस्त्यावरची वाहनं बघत होता; पंपाच्या जवळपासही फिरकला नव्हता. दोन तास होत आले तेव्हा आकडा सात चारवर येऊन थांबला. सात चार म्हणजे पंपहाउसचं पाणी. म्हणजे प्यायचं पाणी.

ज्याला ही विद्या येते त्याला एवढं पुरे होतं. घाण जर बाहेरून, कुंपणापलीकडून येत असती, तर जितका वेळ उपसावं तितकी ती जास्त ओढली गेली असती. इथे उलट झालं होतं. बाहेरून येत होतं ते पाणी चांगलं होतं. सिमेंट पाइपापाशीच होतं. बोअरच्या अंगातच.

गाडी आली. प्रयोगशाळेच्या माणसाने बाटल्यांचं खोकं खाली ठेवलं आणि उशिराबद्दल माफी मागितली. दिराला यातलं काही उमगलेलं नव्हतं. तिने ठरवलं असतं तर पंप बंद करून, थोडं थांबून, नियमाप्रमाणे फक्त तीन पाइप काढून दहा नऊच्या बाटल्या भरता आल्या असत्या आणि कागदावर तिच्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती. ती म्हणाली, मीटर बिघडलाय, नमुना परवा घेऊ. पंधरा वर्षांत कामावर बोललेलं तिचं हे पहिलं खोटं. दिराने 'मीटर नादुरुस्त' या ओळीखाली न वाचता सही केली आणि पंपाची जड बॅटरी स्वतः उचलून तिच्या गाडीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी गेली. रात्रभर साचलेलं पाणी: अकरा पाच. तिने गटाराच्या फुटक्या नळ्या शोधायला वापरतात तो हिरवा रंग आणला होता. बादलीभर पाण्यात तो कालवला आणि पाइपाला धक्का न लावता पाइपाबाहेरच्या मातीवर हळूहळू ओतला. माती बादलीभर पाणी घटाघटा प्यायली. तिने पंप चालू केला आणि घड्याळ बघत उभी राहिली. चौथ्या मिनिटाला नळीतून हिरवं पाणी आलं.

दिराचं वाक्य तेव्हा तिला आठवलं, आणि ते आपण कुठल्या मथळ्याखाली घातलं तेही.

बोअर मारतात तेव्हा भोक पाइपापेक्षा रुंद असतं. भोवतालच्या पोकळीत तळाशी खडी, खडीवर पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या गोळ्या आणि त्यावर जमिनीपर्यंत सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ कालवलेलं सिमेंट, भरायची असते. आपण झाकणाला पाडलेलं भोक आपणच बुजवायचं, असा तो प्रकार. बोअरवाल्याने चिकणमाती चोरली होती. मध्ये अडवायला काही नसल्यामुळे स्लरी थेट खडीत उतरली आणि पाणी आत येतं त्या जाळीपाशी जाऊन बसली, म्हणून पीएच. वरची पोकळी तशीच राहिली, आणि ती हातभर मातीने झाकून टाकलेली. म्हणून गढूळ पाणी, म्हणून तेल. पाच महिने प्रत्येक पावसात रस्त्याची घाण तिच्या बोअरवाटे सरळ शहराच्या पाण्याकडे उतरत होती. कुंपणच शेत खात होतं आणि राखणदार शेजाऱ्याच्या बैलावर काठी उगारून बसला होता.

ती साहेबांकडे गेली. हिरव्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. साहेब निवृत्तीला आलेले, शांत, फायली पाठ असलेले. त्यांनी चार नंबरची फाइल काढली आणि एक फॉर्म तिच्यापुढे सरकवला. 'चिकणमाती व स्लरी भरताना प्रत्यक्ष हजर. दर टप्प्याला टोकाला वजन लावलेल्या टेपने खोली मोजली.' तीन आकडे. वेळ अकरा ते साडेबारा. खाली तिची सही.

मग त्यांनी तिचाच नऊ पानी अहवाल उघडला आणि शेवटी जोडलेल्या फोटोंपैकी पहिल्यावर बोट ठेवलं. कुंपणाच्या फटीतून काढलेला बांधकामाचा फोटो, एक मजूर फावड्याने राडा ओढतोय. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. तीच तारीख. अकरा वीस. दुसरा फोटो अकरा पन्नासचा, तिसरा बारा दहाचा.

तो दिवस तिला लख्ख आठवला. बोअरवाल्याने मागून विचारलं होतं, बाई, भरायला घेऊ का? तिने पत्र्याच्या फटीला डोळा लावूनच हो म्हटलं होतं. दीर कामावर रुजू होऊन तीनच आठवडे झाले होते आणि तो आत मजुरांना काहीतरी दाखवत होता. काय दाखवतोय ते तिला बघायचं होतं. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, भरलं. तिने आकडे विचारले, त्याने सांगितले, तिने लिहिले. दूधवाल्याचं माप तपासणारी बाई, आणि बोअरवाल्याच्या शब्दावर सही करून मोकळी झाली. तिच्याकडचा सगळा संशय त्या दिवशी कुंपणापलीकडे खर्ची पडला होता.

साहेबांनी फाइल मिटली. "हे दोन कागद शेजारी शेजारी आले तर तुमची नोकरी जाईल, मॅडम. म्हणून सांगतो, बोअर बुजवून टाकू. रस्त्याच्या कामात येते असं लिहू. सुनावणी आहे तशी होऊ दे. बांधकामवाले काय धुतल्या तांदळासारखे आहेत? इथे नाही तर दुसरीकडे कुठेतरी सांडलंच असेल की."

हे शेवटचं वाक्य तिच्या ओळखीचं होतं. पंधरा वर्षं ते तिचंच वाक्य होतं. फक्त दुसऱ्याच्या तोंडून ते किती घाण लागतं हे तिला आज कळत होतं. ती विचार करून सांगते म्हणाली आणि बाटली घेऊन बाहेर पडली. विचार करण्यासारखं काही होतं असं नाही, पण तिला भीती वाटत होती. नोकरीची वाटत होती, आणि त्याहून जास्त घरी जाऊन बोलण्याची.

दीर मागच्या नळाचा वॉशर बदलत होता. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. लांबवलं नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. राडा तुमचा नव्हता, माझ्या बोअरमधूनच पाणी जात होतं, तुम्ही सांगितलंत ते खरं होतं, मी सही न बघता केली होती. तो पाना हातात धरून ऐकत राहिला. तिला वाटलं होतं, तो चिडेल. किंवा तो आहे तसा भोळा, म्हणेल जाऊ द्या वहिनी. खरं सांगायचं तर ती याच दुसऱ्या गोष्टीच्या आशेवर आली होती.

तो म्हणाला, "लिहून देणार का?"

"देणार."

"मग आधी लिहा. मग बोलू."

जेवणाच्या टेबलावर तिने लिहिलं. नवरा दाराशी उभा राहून काहीतरी गमतीचं बोलायला गेला आणि तसाच आत निघून गेला. दिराने कागद दोनदा वाचला. तारीख राहिलीय म्हणाला. तिने घातली. बोअर नंबर आकड्यात आहे, अक्षरातही लिहा म्हणाला. तिने लिहिला. मग तो म्हणाला की उद्या तोही ऑफिसात येईल, कागद साहेबांच्या हातात पडून त्यावर आवक शिक्का बसेपर्यंत. तिने मान हलवली. कालपर्यंत हा माणूस तिच्या कागदावर न वाचता सही करत होता.

शिक्का बसला. कंपनीचं काम पुन्हा सुरू झालं, दीर हेल्मेट घेऊन कामावर गेला. तिची नोकरी गेली नाही, पण नमुन्यांचं काम गेलं. तिला जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलं, जिथे संशय घ्यायला धुळीखेरीज काही नव्हतं. पंपहाउसच्या पाण्यात तेल अजून उतरलेलं नव्हतं. अजून, असं प्रयोगशाळेने लिहिलं होतं, आणि पुढची दोन वर्षं दर आठवड्याला तपासायला सांगितलं होतं. तिने साहेबांकडे एकच गोष्ट मागितली: चार नंबर बुजवतील तेव्हा हजर राहायचं. साहेबांनी हो म्हटलं.

बोअरवाला तोच होता, यावेळी फुकट काम करायला लावलेला आणि त्यामुळे फुरंगटलेला. जुना पाइप आणि त्याभोवतीचं सिमेंट त्याने खरवडून बाहेर काढलं आणि उघड्या भोकात फुगणाऱ्या मातीच्या गोळ्या सोडायला घेतल्या. ती भोकाशेजारी उकिडवी बसली होती. कुंपणापलीकडे मिक्सर सुरू झाला, कुणीतरी ओरडलं, पाणी सांडल्यासारखा आवाज झाला. तिची मान आपोआप तिकडे वळायला लागली. तिने ती वळू दिली नाही. दीर फाटकातून बाहेर येऊन तिच्या समोरच्या बाजूला कधी उभा राहिला ते तिला कळलंही नाही. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

शेवटची पिशवी रिकामी करून बोअरवाल्याने हात झटकले. "भरलं."

तिने तोंड उघडलं. पण तिच्याआधी दीर बोलला.

"दाखवा."

बोअरवाला कुरकुरला, इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नाही म्हणाला. दिराने टेप मागितला. वजन भोकात सोडलं, ते टेकल्याचं बोटांनी चाचपून पाहिलं, टेप जमिनीच्या पातळीला चिमटीत धरला आणि आकडा बघून बोअरवाल्याला म्हणाला, दीड मीटर कमी आहे, अजून तीन पिशव्या आणा. त्याचा तो कोरडा आवाज, चिमटीतला तो टेप, माणसाच्या तोंडाकडे न बघता आकड्याकडे बघणं. तिला क्षणभर अभिमान वाटला, आपल्या हाताखाली कुणी तयार व्हावं तसा. आणि लगेच त्या अभिमानाची शरम वाटली. ही विद्या त्याला तिनेच दिली होती, पण शिकवून दिली नव्हती.

तीन पिशव्या आल्या, भरल्या. दिराने पुन्हा वजन सोडलं आणि टेप तिच्यापुढे धरला. "वहिनी, तुम्ही वाचा."

तिने गुडघे मातीत टेकले, नीट वाकून पाहिलं आणि आकडा मोठ्याने वाचला. तो बरोबर होता.

मग तो स्वतः खाली वाकला आणि तिने वाचलेला आकडा त्याने पुन्हा एकदा वाचला.